मेंढरं हलवायचं काम

लेंडीखताचा वास आला की मला लेण्याद्रीच्या बाजूचं आमचं वावर आठवतं. डांबरी रस्ता झाला आणि वावराला पुण्याचं गिऱ्हाईक आलं. गावात एजंटांना सगळेच शिव्या द्यायचे. "दुसऱ्याची जमीन इकून सोता जीप घेत्यात मेले!" हे हळदीकुंकवात मीच मोठ्यानं म्हणायचे. तरी एजंटाला बोलावलं आम्हीच. गिऱ्हाईक वावर बघायला यायचं त्या दिवशी मी कामांची यादी केली: अंगण झाडणे, सातबाऱ्याची झेरॉक्स, चहा, मेंढरं हलवणे. एक धनगर दर हिवाळ्यात आमच्या वावरात मेंढरं बसवायचा; आम्हाला खत मिळायचं, त्याला धान्य. जमीन विकतोय हे मी त्याला सांगितलंच नाही. "पावणं यायचेत, आजच्या दिवस हलवा," एवढंच म्हणाले. त्यानं लगेच मेंढरं बांधापलीकडे नेली, वर शेळीचं तांब्याभर दूध आणून दिलं. "चहाला कमी पडंल वैनी, ऱ्हाऊ द्या." दुपारी गिऱ्हाईक बाईंनी गाडीतून उतरताच नाकाला रुमाल लावला. एजंट घाईनं म्हणाला, "मॅडम, हितं मेंढरं कधीच बसत न्हाईत. इचारा की वैनीला." धनगर बांधावरून ऐकत होता. मी म्हणाले, "न्हाई, कधीच न्हाई." बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं, "मग हे कोण?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. "वाट चुकलो बाई," तो म्हणाला, "निघालोच." पुढच्या हिवाळ्यात तो आमच्या दारात आला नाही. आता मेंढरं कुठे बसवतो, हे त्याला विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.