किडा केवढा होता?

जरीना शेख यांच्याविरुद्ध मी अकरा दावे लढलो आणि आठ हरलो. त्यामुळे त्यांचं कौतुक करायची मला हौस नाही. पण गडचिरोलीच्या कोर्टात त्यांना आजही कोणी ‘कंपनीवाली बाई’ म्हणून नाक मुरडलं, की माझं डोकं फिरतं.

चंद्रपुरात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या नूर मोहम्मद यांची ही मुलगी. १९९२ साली सनद घेतली, तेव्हा घरचे निकाहाच्या मागे लागले होते. ‘पहिली केस जिंकू द्या,’ म्हणाल्या. जिंकल्या, तर म्हणाल्या, ‘आता दुसरी लागली.’ विमा कंपन्यांच्या बाजूने उभं राहायला इकडचे वकील कचरायचे, कारण समोर नेहमी रडणारी बाई किंवा लंगडणारा माणूस. जरीनाबाईंनी तेच काम घेतलं आणि एक नेम धरला: जागा स्वतः पाहिल्याशिवाय जबाब लिहायचा नाही. एस.टी.ने, सायकलने, वेळ आली तर चिखल तुडवत जायच्या.

अहेरीकडचा एक ट्रॅक्टर नाल्यात उलटून मोडला, असा माझा दावा होता. बाई तिथे गेल्या. नाला गुडघाभरसुद्धा खोल नव्हता, आणि त्या दिवशी ट्रॅक्टर बाजारात धडधाकट उभा होता, हे सांगणारे चार जण त्या घेऊन आल्या. मी तोंडावर आपटलो. तेव्हापासून त्या उभ्या राहिल्या की मी आपले कागद पुन्हा चाळायला लागायचो.

मग २००१ साली कुंताबाईचा दावा आला. आरमोरीजवळच्या एका गावात तिचा नवरा मुखरू तलावात जाळं टाकायचा. मच्छीमार संस्थेने सगळ्यांचा अपघात विमा उतरवलेला. एका सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं ओढताना त्याला काहीतरी चावलं आणि दवाखाना गाठायच्या आत तो गेला. ‘किडा चावला जी,’ कुंताबाईने मला सांगितलं. पोलीस पाटलाच्या पंचनाम्यातही ‘किडा’च होता. मी सांगलीकडचा, बायकोच्या नोकरीपायी इथे आलेला, आणि माझ्या शुद्ध मराठीचा मला कोण गर्व! दाव्याच्या अर्जात मी ऐटीत लिहिलं: ‘कीटकदंशाने मृत्यू.’ गांधीलमाशी असेल, असं धरून चाललो. विचारलंसुद्धा नाही.

कंपनीने दावा फेटाळला. पॉलिसीत सर्पदंश छापलेला होता, कीटकाचं नाव कुठेच नव्हतं. मी ग्राहक मंचात गेलो.

जरीनाबाई नेमाप्रमाणे त्या गावाला जाऊन आल्या आणि त्यांनी कंपनीला कळवलं की दावा खरा आहे, देऊन टाका. हे मला फार नंतर समजलं. कंपनीचं उत्तर आलं: अर्जदाराचाच वकील कीटक म्हणतो, मग तुम्हाला काय अडचण? केस लढवा, नाहीतर आमच्या फायली परत करा. त्यांची निम्मी वकिली त्या फायलींवर चालायची. बाईंनी लिहिलं, लढवते, पण साक्षीदाराला विचारायचं ते विचारणार.

ग्राहक मंचाचे अध्यक्षही बाहेरचेच. त्यांनी कुंताबाईला विचारलं, ‘कोणता कीटक? विंचू? मधमाशी?’

‘किडा,’ ती म्हणाली.

‘नाव सांगा.’

तिने नकारार्थी मान हलवली. मला तरी कुठे नाव माहीत होतं! अध्यक्ष लिहायला लागले. तेवढ्यात जरीनाबाई उलटतपासणीला उठल्या. संपलं आता, मी मनात म्हटलं.

‘बाई, नाव नको घेऊ,’ त्या म्हणाल्या. ‘फक्त सांग, किडा केवढा होता?’

कुंताबाईने दोन्ही हात पसरले. तेवढ्याने भागेना, म्हणून ती पिंजऱ्यातून उतरली, टेबलापासून दोन पावलं चालली आणि तिथे बोट दाखवलं. ‘इथपावतर. फणा वर.’

जरीनाबाई तिच्याजवळ गेल्या.

‘मग नाव काऊन नाई घेत?’

‘नाव घेतलं का तो घरी येते जी. एकाले तर नेलं. घरी लेकरं हायत माह्यी.’

‘साक्षीदाराने चालून लांबी दाखवली, हे नोंदवून घ्यावं,’ जरीनाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

निकाल कुंताबाईच्या बाजूने लागला. कंपनीने पुढच्या महिन्यात सगळ्या फायली काढून घेतल्या. बाई दीड वर्ष किरकोळ कामांवर राहिल्या, पण कोणापुढे रडल्या नाहीत. शेवटी कंपनी आपण होऊन परत आली; कारण दावा खोटा आहे असं जरीना शेख सांगतात तेव्हा मंच ऐकतो, हे तिलाही कळून चुकलं होतं.

निकालाच्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

‘माझी अम्मी दिवे लागल्यावर त्याले रस्सी म्हणते,’ त्या म्हणाल्या. ‘तिचा जबाब तुम्ही घेतला असता तर दोरखंड लिहिलं असतं.’

तेवढ्यात कुंताबाई तलावातल्या शिंगाड्यांची पिशवी घेऊन आली आणि सरळ त्यांच्याकडे गेली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. जरीनाबाईंनी हात मागे घेतले.

‘मी कंपनीची वकील हाय, बाई. दुसऱ्या पक्षाचं काई घेत नाई. तुह्ये वकील हे. त्यायले दे.’

कुंताबाईने नाइलाजाने पिशवी माझ्या हातात ठेवली. मला लाज वाटत होती, तरी मी ती घेऊन घरी गेलो.