दादाचा बर्फ

आज पहाटे पाचगणीच्या मळ्यात स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठलेलं दिसलं आणि फौजेतला थोरला भाऊ आठवला. नव्वदच्या दशकात दादा काश्मीरहून सुट्टीवर आला होता. अशाच पांढऱ्या पानांकडं बघून, पीक करपणार म्हणून, मी थंडीला शिव्या देत होतो. त्यानं नखानं हिम खरवडून जिभेवर ठेवलं आणि हसला.

"ह्याला बर्फ म्हंतोस व्हय रं? तिकडं वादळात तंबू गडप हुत्यात. लय देखणं दिसतं, गड्या!"

"ते ऱ्हाऊ दे, आनखी आठ दिवस हितंच ऱ्हा की, दादा. बरं, चार?"

"न्हाई. मोठा बर्फ चुकंल."

घासाघीस करून भल्याभल्या व्यापाऱ्यांना नमवणाऱ्या मला त्यानं एक दिवसही वाढवून दिला नाही. त्याच हिवाळ्यात तो वादळात बर्फाखाली गाडला गेला. गाव त्याला हुतात्मा म्हणतं. मी मात्र अजून त्याच्याशी भांडतो: आमच्यापरीस बर्फ जवळचा झाला व्हय तुला?