वरच्या 'सा'मधला खोकला

हैदराबादच्या जुन्या बाजारातून मी तो सिंथेसायझर चादरीत गुंडाळून बसनं कमलनगरला आणला, तेव्हा कंडक्टरनं चादरीवर टिचकी मारून विचारलं, "मास्तर, आत जित्तं काय न्हाई ना?"

मी म्हणालो, "अजून न्हाई."

पेटीसारख्या पट्ट्यांचं जपानी यंत्र, माझ्या लग्नाच्याही आधीचं. एका वेळी एकच सूर काढणारं, आणि आता तोही काढत नव्हतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळं आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. पहिल्याच संध्याकाळी घराचा फ्यूज उडवला. "दिवा तरी ठेवा घरात," अंधारातून बायको म्हणाली.

पण मी चिकटून राहिलो. सुकलेले कपॅसिटर बदलले. पट्ट्यांखालचा गंज स्पिरिटनं पुसला. यंत्राला स्वतःचा स्पीकर नव्हता, म्हणून घरातला लाकडी रेडिओ जोडला. मग खरी करामत केली. एक जास्तीचं बटण असं बसवलं, की ते फिरवलं की सूर एका पट्टीवरून दुसरीवर घसरत जाई, थेट सनईसारखा. जपान्यांना हे सुचलं नव्हतं असं मी शेजाऱ्यांना सांगत फिरलो. त्यांनीही ते मान्य केलं.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लग्नांत कीबोर्ड वाजवायचा. त्यानं ऐकलं आणि मटकन खाली बसला. "दाजी, हे रडायलंय की!"

तिथंच ठरलं. लग्नसराईत यंत्र स्टेजवर जाणार, आणि ते बटण फिरवायला त्याच्या शेजारी मी बसणार. "मी जाईन तिथं तुमीबी, दाजी." मी मरून रंगाचा चमकीचा शर्ट शिवायला टाकला. वर्गात फळ्यासमोर उभं राहणं वेगळं आणि मांडवात स्टेजवर बसणं वेगळं. मला ते दुसरं फार हवं होतं.

सराईच्या तोंडावर तो एकदा आला. रेडिओजवळ टॉवेल ठेवला आणि म्हणाला, "एकेक पट्टी लांब धरा, दाजी. सूर जुळतेत का बघतो." मी पंखा बंद केला, शेळी शेजारच्या अंगणात नेऊन बांधली, बायकोला भांडी वाजवू नको म्हणून दटावलं आणि श्वास रोखून एकेक पट्टी दाबत गेलो. वरच्या 'सा'वर घसा खवखवला आणि मी खोकलो. "असू द्या," तो म्हणाला. त्या टॉवेलाखाली काय आहे, हे मी विचारलंसुद्धा नाही.

पहिलं लग्न संतपूरला. मी सकाळपासून शर्ट घालून यंत्राजवळ बसलेलो. जीप आली नाही, निरोप आला: जागा नाही, दाजींनी अक्काला घेऊन बसनं यावं, यंत्र पुढच्या लग्नाला नेऊ.

आम्ही पोचलो तर स्टेजवर मेहुण्यापुढं पाटासारखा चपटा, नवाकोरा कीबोर्ड. बाहेरचा आवाज आत भरून घेता येतो, त्यातला. अक्षतांच्या आधी त्यानं सनई लावली आणि त्या पाटातून माझं यंत्र रडू लागलं. तीच घसरण, माझ्या रेडिओची तीच घरघर. मी स्वतःला समजावलं, असतं एकेकाचं साम्य. मग त्यानं वरचा सा लांब धरला आणि दोन्ही भोंग्यांतून कोणीतरी खोकलं.

पुन्हा सा, पुन्हा खोकला. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. माझा खोकला बायको झोपेतही ओळखते. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही, भावाकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं, टॉवेलाखालचं हिला ठाऊक होतं.

पंक्तीत मी मेहुण्याला गाठलं.

"दाजी, कामून तोंड पाडायलाव? यंत्र तर तुमच्या घरीच हाय की. मी काय नेलं?"

"आणि माझी जागा?" मी विचारलं.

"शर्ट मातर झ्याक हाय," तो म्हणाला आणि बुंदी वाढायला गेला.

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "सांगणारच होता तो." मी विचारलं, कधी? तिनं पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.

भाऊबीजेला तो ओवाळून घ्यायला आला. ताटावरून उठल्यावर, हात पुसत, लाडात म्हणाला, "दाजी, तेवढा एक सा परत घेऊ द्या की. लोकं हसायलेत." या वेळी रेकॉर्डर टॉवेलाखाली नव्हता, उघडाच होता.

"घे की," मी म्हणालो.

सगळं पहिल्यासारखं केलं. पंखा बंद, शेळी शेजारी. बायको दारात उभी. मी पट्टी दाबली, बटण हळूच फिरवलं, सूर वर चढून स्थिर झाला. इतका स्वच्छ कधीच लागला नव्हता. मेहुण्यानं डोळे मिटले.

मग मी खोकलो. चांगला, पोटातून.

"मुद्दाम केलाव," डोळे न उघडता तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणालो. "तू जाशील तिथं मीबी."