आपांच्या डब्यातला नग

आपा कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नसत, स्वतःच्याही नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये परदेशी कंपनीच्या यंत्रांत बसणारे अंगठीएवढे पितळी बुश बनत. शेवटची तपासणी कसबा पेठेतून बसनं येणाऱ्या नसीमआपांची. "आपा, हा आत्ताच मोजलात की," म्हटलं तर म्हणत, "मघाशी मोजला. आत्ता कुठे मोजला?"

प्रत्येक लॉटमधला एक नग त्या कागदात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. वर तारीख आणि कंपनीनं मापं देऊन पाठवलेल्या ड्रॉइंगचा नंबर. "लोणचं घालताय का?" आम्ही विचारायचो. "मुरू दे. कधी लागेल सांगता येत नाही."

मी तिथे इंग्रजी कागदपत्रं सांभाळायचो. माल नापास झाला की कंपनीचा फॉर्म यायचा: चूक का झाली, ते का झालं, असं पाचदा विचारलेलं. पाचव्या चौकटीत माझं ठरलेलं उत्तर असे: कामगाराचं दुर्लक्ष. कंपनी खूश, मालक खूश. ज्याच्या माथी मारायचो त्याला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणजे तोही खूशच म्हणायचा.

एकदा अख्खा लॉट नापास झाला. बुश बसत नाहीत म्हणे. तपासणीचा शिक्का आपांचा होता. मालक खाली बघत मला म्हणाले, "नेहमीचं लिहून टाक. आणि तपासणीचा माणूस बदलला असंही लिही." म्हणजे इतक्या वर्षांनी आपा घरी.

आपांनी डबा उघडला, त्या लॉटचा नग मोजला, ड्रॉइंगशी ताडून पाहिला. "माप बरोबर आहे. ड्रॉइंग त्यांनी बदललं असणार. विचारा."

"आपा, गिऱ्हाईक आहे ते," मालक म्हणाले. "उद्या दुसऱ्या देशात जाईल."

"जाऊ दे. तिथंही कुणीतरी मोजणारी असेलच."

मालकांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पाचव्या चौकटीत मी लिहिलं, "माल तुमच्या ड्रॉइंगप्रमाणेच आहे. नवीन असेल, तर ते आम्हाला का मिळालं नाही?" सोबत आपांच्या नगाचा फोटो जोडला.

आठवड्यानं उत्तर आलं. माफीबिफी काही नाही, नुसतं नवीन ड्रॉइंग. त्यावरची तारीख आमचा माल निघण्याच्या महिनाभर आधीची. आपांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुढचा लॉट मोजायला घेतला.

गेल्या वर्षी आपा गेल्या. आता मी एका मोठ्या कंपनीत आहे आणि ते फॉर्म मीच पाठवतो. छोट्या वर्कशॉपांतून भरून येतात: कामगाराचं दुर्लक्ष. मी परत पाठवतो. वर लिहितो, "हे चालणार नाही. आधी आमचं ड्रॉइंग तपासा."

साहेब चिडतात. चिडू देत.