नवव्या दिवसाची हवा

आभाळाला अंगणात उभं करून जाब विचारील, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. आमचे दाजी शिरड शहापूरचे, मेंढरं राखणारे. त्यांच्या खांद्यावर बारा महिने काळी घोंगडी असे. पहाटे उठले की तोंड धुण्याआधी तिच्या काठाला लोंबणारी लोकरीची दशी ते खालच्या ओठावर धरून डोळे मिटून बसत. हवेतली ओल माणसाआधी लोकरीला कळते, असं त्यांचं म्हणणं. दशी मऊ, गार लागली तर दिवस बिघडणार. कोरडी खरखरीत लागली तर खुशाल निघा. मेंढरं कधी कातरायची, कळप कुठल्या माळावर न्यायचा, हे विचारायला आसपासच्या गावांतली माणसं येत. पण दाजी तेवढ्यावर थांबणारे नव्हते. एकदा नरसीला निघालेलं वऱ्हाड त्यांनी गाड्या जुंपलेल्या असताना दोन तास रोखून धरलं. आम्ही मुहूर्त गाठला नाही, पण कोरडे पोचलो. मुलीकडची मंडळी मात्र मांडवासकट चिंब झाली होती. नवरदेवाचा बाप संतापला, तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "मुहूर्त काय, दुसरा निघंल. भिजून पोराला ताप भरला तर नवरदेव दुसरा आणता का?"

मोजणीच्या खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाचा तळ आमच्या भागात पडला होता. दाजींनी त्याला ओढ्यालगतचा तंबू उचलायला लावला, आणि त्याच दुपारी गारपीट होऊन ओढा त्या जागेवरून वाहिला. साहेब खूश झाला. पुढे त्याची नेमणूक हिमालयात झाली, तेव्हा त्याने सामान वाहायला दाजींना आणि आकडे लिहायला मला बरोबर घेतलं. मी हिंगोलीच्या शाळेतून नुकताच बाहेर पडलो होतो. मी 'दाजी, दाजी' म्हणायचो, म्हणून साहेबाला तेच त्यांचं नाव वाटलं, आणि तोही त्यांना दाजीच म्हणू लागला.

तिथल्या एका शिखरावर तोवर कोणी चढलेलं नव्हतं. साहेबाला वर जाऊन मोजणी करायची होती, आणि त्याच्यामागे दोराला बांधून वही घेऊन मी जाणार होतो. दुसरं काही मला सुचत नव्हतं. शेवटच्या तळावर आम्ही चांगल्या हवेची वाट पाहत बसलो. धान्य दहा दिवस पुरेल एवढंच, आणि पावसाळा खाली येऊन ठेपलेला. दाजींना ती सगळी जागाच पसंत नव्हती. "हे काय रानात राहणं हाय?" ते म्हणत, "आभाळानंच जमिनीवर बिऱ्हाड थाटलं." साहेबाच्या पत्र्याच्या डब्यातल्या मटणाला ते शिवले नाहीत, घरून आणलेलं ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात कालवून पीत. बर्फात अनवाणी चालायला मात्र ते तयार होते. साहेबाने दटावून बूट घालायला लावले, तेव्हा दिवसभर ते नुकते नाल ठोकलेल्या बैलासारखे पाय उचलत होते. पहाटे मात्र साहेब स्वतः त्यांच्यासमोर येऊन उकिडवा बसे. "बोलो दाजी, आज क्या कहता है तुम्हारा कंबल?" दाजी दशी ओठावरून काढून मान हलवत, "न्हाई." दोन घटकांत वादळ सुटे. असं सलग आठ दिवस झालं. आठही दिवस ते बरोबर निघाले.

आठव्या दिवशी संध्याकाळी साहेबाने दोर काढून माझ्या कमरेला बांधून पाहिला. नवव्या पहाटे वारा पडला होता. शिखर इतकं स्वच्छ, की हात लांबवला तर लागेल. साहेब बुटाच्या नाड्या आवळतच आला. दाजी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "न्हाई."

साहेबाने पुन्हा विचारलं.

"न्हाई साहेब. दुपारी हवा फिरंल."

साहेबाने नाड्या सोडल्या. दुपारी हवा फिरली नाही. संध्याकाळपर्यंत उघड्यावर काडी ओढली तरी विझत नव्हती. दुसऱ्या दिवशी खालून ढग चढले, बर्फ सुरू झाला, आणि आम्ही उतरलो.

तिसऱ्या मुक्कामाला मी विचारलं, "दाजी, घोंगडीनं काहून दगा दिला?"

"तिनं न्हाई दिला. दशी कोरडी ठणठणीत व्हती." ते चुलीकडे बघत म्हणाले. "वर जायच्या वाटंवरल्या त्या कड्याकडं मी आठ दिवस बघून राहिलो, पावनं. हवा चांगली असली म्हून कडा सपाट व्हतो काय? तुमी पडले असते तर तुमच्या अक्काला मी कोणतं तोंड दाखवलं असतं?"

मला इतका राग आला, की परतीच्या सबंध वाटेत मी त्यांच्याशी बोललो नाही. गावात पारावर माणसं जमली. वर का नाही गेलात, असं मला विचारलं. मेव्हण्याने भिऊन अडवलं, हे सांगायची मला लाज वाटत होती. मी अडखळलो, तेवढ्यात दाजीच पुढे झाले. "माझी घोंगडी चुकली," ते म्हणाले. लोक हसले. त्या सालापासून कातरणीचं विचारायला येणारी माणसं हळूहळू कमी झाली, आणि पुढे कोणी येईनासं झालं. मी एका शब्दाने खरं सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. पाच-सहा वर्षांनी दाजी तापाने गेले.

त्यांचं दहावं-तेरावं झाल्यावर अक्काजवळ बसून मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला ठावं व्हतं. त्यांचं कधी चुकलं व्हतं का?"