साहेब पाणी पीत नाहीत

निवृत्तीच्या समारंभात मला शाल-श्रीफळ देताना कुणीतरी भाषणात म्हणालं की, लखनौजवळच्या चिनहटचं भूजल माझ्यामुळे वाचलं. टाळ्या पडल्या. विनयाने मान खाली घालून मी त्या स्वीकारल्या. आता वय झालं आहे आणि बढती द्यायला कुणी उरलेलं नाही, तेव्हा खरं काय झालं ते सांगायला हरकत नाही.

नव्वदच्या दशकात मी एका तेल कंपनीचा अभियंता म्हणून लखनौला होतो. बिऱ्हाड अलीगंजला होतं. फैजाबाद रोडवर, चिनहटच्या अलीकडे आमचा एक पेट्रोल पंप होता आणि त्याची जमिनीखालची टाकी गळत होती. टाकीत दांडी सोडून रोज साठा मोजत. विक्री वजा केली तरी तो कमीच भरायचा. लखनौचं ऊन कडक आहे, पेट्रोल उडून जातं, असं आम्ही वर कळवत असू. पौषातल्या धुक्यातही ते उडतच होतं.

पंपामागे एका धोब्याचं घर होतं. त्याच्या हातपंपाच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला, मग धुतलेल्या कपड्यांना. गिऱ्हाइकं त्याला म्हणत, "भैया, पैसे धुलाई के और काम ड्राइक्लीनिंग का? बर्बाद हो जाओगे." तोही हसला, आणि मग तक्रार घेऊन पंपावर आला.

मला पाठवण्यात आलं. टाकी बदलली, भिजलेली माती उपसून नेली. इथपर्यंत काम चोख झालं. पुढे पाण्यावर लक्ष ठेवायला तपासणीचे बोअर घ्यायचे होते. तिथलं जमिनीखालचं पाणी गोमतीकडे सरकतं, म्हणजे पंपाकडून धोब्याच्या घराकडे. बोअर त्याच्या अंगणात हवे होते. पण दुसऱ्याचं अंगण खणायचं तर कारण सांगावं लागतं. कारण सांगितलं की नुकसानभरपाई आली, आणि ती आली की माझी बढती गेली. म्हणून मी बोअर आमच्याच आवारात घेतले, पाणी जिथून येतं त्या बाजूला. दर महिन्याला नमुना काढायचो. पाणी नितळ निघायचं. निघणारच. पेट्रोलला प्रवाहाविरुद्ध पोहता येत नाही, हे कंपनीत मला सोडून कुणी विचारात घेतलं नव्हतं, आणि मी ते कुणाच्या लक्षात आणून दिलं नाही. धोब्याच्या हातपंपाचं पाणी मात्र मी एकदा गुपचूप तपासून घेतलं. निकाल वाचला आणि पुन्हा कधी तपासलं नाही.

नमुने घेऊन झाले की मी त्याच्या घरी डोकवायचो, सगळं ठीक आहे हे सांगायला. त्याची आई गुळाचा खडा आणि पाणी पुढे करायची. मी गूळ खायचो, पाणी ठेवून द्यायचो. कधी माझा उपास असे, कधी पोट बिघडलेलं. एकदा तिने काचेचा नवा ग्लास आणला. दुकानाची चिठ्ठी अजून त्यावर चिकटलेली होती.

"कोरा है साहब," ती म्हणाली. "घर में किसी ने मुँह नहीं लगाया. हैंडपंप का पानी भी बगल के पंडितजी की बिटिया से भरवाया है."

माझ्या उपासांचा त्या घरात काय अर्थ लागला होता, ते मला तेव्हा कळलं. मी तो गैरसमज तसाच राहू दिला. सोवळं पाळणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी लागत नाही. उलट पंडितजी मला वाकून नमस्कार करायला लागले.

त्या घरात सासू-सुनेचं याच पाण्यावरून बिनसलेलं होतं. सून प्यायचं पाणी शाळेच्या नळावरून आणायची. सासूच्या मते हा नुसता नखरा होता.

माझी बदली झाली, बढतीसकट. निरोप घ्यायला गेलो तर तोच ग्लास समोर आला. इतक्या दिवसांची लाज एकदम वर आली आणि मी तो तोंडाला लावून रिकामा केला. घशाखाली पेट्रोलचा वास उतरला. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, फिटलं.

म्हातारी सुनेकडे वळली. "देख लिया? इंजीनियर साहब ने पी लिया. अब बंद कर स्कूल के चक्कर."

सून भरलेली बादली घेऊन दारातच उभी होती. घुंगटाआडून तिने मला विचारलं, "साहब, सच में ठीक है? हम लोग पिएँ?"

तिला उत्तर हवं होतं, आणि ते देऊ शकणारा तिथे मी एकटाच होतो.

"ठीक है," मी म्हणालो. तिने बादली खाली ठेवली.

पुढे त्या घराचं काय झालं मला माहीत नाही, कारण मी माहीत करून घेतलं नाही. ते पाणी खराब होतं. मला ठाऊक होतं. मी ते जातीमुळे टाळत नव्हतो, जिवाच्या भीतीने टाळत होतो. एवढं आज स्पष्ट लिहितो आहे, आणि तेही मराठीत. त्या घरात ही भाषा कुणालाच येत नव्हती.