कपाळावरचा कॅमेरा

आमची लेक पुण्यात यंत्रांना शहाणं करायचं काम करते. मागच्या उन्हाळ्यात ती सोलापूरला आली ती कपाळाला बांधायचा एक इवलासा कॅमेरा घेऊनच. म्हणाली, "आई, रोज भाकरी करताना हा बांधत जा. तू काय बघतेस, हात कसे चालतात, ते टिपायचंय."

"भाकरीचं तुझ्या त्या मोबाइलमधल्या पोपटाला विचार की. लई बोलतोय तो."

"बोलणंच येतं गं त्याला. जगातलं सगळं वाचून बसलाय, पण पीठ सैल झाल्यावर हात काय करतो ते त्यानं कधी बघितलंच नाही. आता बघून शिकणारी यंत्रं येतील म्हणतात. पुढं काय घडणार याचा अंदाज बांधणारी."

"खरंच येतील?"

"कुणाला ठाऊक!" ती हसली. "म्हणून तर तुला कामाला लावलंय."

ती पुण्याला गेली आणि मी रोज सकाळी कॅमेरा बांधून ओट्याशी. टिपलेलं सगळं आपोआप तिच्याकडं पोचायचं. माझ्या कपाळावरचा तो दिवा बघून हे म्हणायचे, "आलं आमचं इंजिन!"

एकदा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. कपाळावरचं मी पार विसरले. त्यांनी लेकीच्या लग्नाचा विषय काढला आणि मी बोलून गेले, "तिच्या कामातलं मला ओ की ठो कळत नाही हो. बोलायचं काय? म्हणून आपलं लग्नाचं विचारत बसते. तेवढंच दोन मिनिटं जास्त बोलते ती."

पुढच्या आठवड्यात लेकीचा फोन. "आई, त्यात आवाजपण येतो."

मी म्हटलं, "आता ते यंत्र ऐकणार?"

"छे, त्याला नुसते हात पुरतात. आवाज मी काढून टाकला." मग हळूच म्हणाली, "माझ्यापाशी ठेवलाय."

मी उगाच ओटा पुसायला लागले. मग तीच म्हणाली, "बरं, काय कळत नाही ते विचार."

त्या रविवारी तिनं व्हिडिओ कॉलवर तासभर समजावलं. पाव हिस्सा कळला असेल. शेवटी यंत्राचा अंदाज दाखवला: तव्यावरची माझी अर्धीकच्ची भाकरी दाखवून पुढचं त्याला रचायला सांगितलं होतं. भाकरी फुगली, फुगतच गेली, आणि तवा सोडून खिडकीकडं निघाली. मागून माझे हात, एकाला सहा बोटं.

आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. लग्नाचं विचारायचं राहूनच गेलं.